कंत्राटाची दुसरी किंमत

“साहेब, बीड लागलं!”

जेसीबीवाल्याने बकेट अधांतरी थांबवली होती आणि मुकादम खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसून खाली बोट दाखवत होता. मुंबईच्या एका उपनगरात पावसाळी नाल्याचं काम चालू होतं. दीड मीटर खाली, चिखलपाण्यात, बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, जुन्या जलवाहिनीची पाठ दिसत होती. शिशाने भरलेला सांधा चमकत होता. आमच्या हातातल्या नकाशात त्या जागी काहीच नव्हतं, नुसता कोरा रस्ता.

काम थांबलं. पाणी खात्याला पत्र गेलं, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. तेवीस दिवस पंप, अडथळ्याचे पत्रे आणि रखवालदार नुसते उभे होते. दुसऱ्या आठवड्यात त्या भागाचा चावीवाला, म्हणजे पाण्याचे व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा कर्मचारी, आला, निवृत्तीला सहा महिने उरलेला माणूस. खड्ड्यात वाकून बघितलं आणि म्हणाला, “ही जुनी लाइन आहे साहेब. पुढे वळणावर हिची एक चावीपण आहे, डांबराखाली गाडलेली.” मी म्हटलं, “मामा, ठाऊक होतं तर आधी सांगायचं ना!” तो म्हणाला, “मला विचारलं कुणी?”

जलवाहिनी हलवायचं काम ‘एक्स्ट्रा आयटम’ म्हणून चढलं. नाल्याची खोली बदलली, खोली बदलली म्हणून खड्ड्याच्या बाजू धरून ठेवायचा खर्च वाढला, मुदत पावसाळ्यात गेली म्हणून पाणी उपसायचा खर्च वाढला. साडेचार कोटींचं काम साडेपाच कोटींच्या पुढे गेलं. त्या वाढीचं बिल मी स्वतः बनवलं. त्यातला प्रत्येक आकडा खरा होता, मोजमाप पुस्तकात नोंदलेला, तपासलेला, सही झालेला. कुणी एक रुपया खाल्ला नाही. तरीही नागरिकांचा एक कोटी रुपया जादा गेला, आणि त्यातला निम्मा तरी चावीवाल्याला वेळेवर विचारलं असतं तर वाचला असता.

आयुष्यातली वीसेक वर्षं मी बिलिंग इंजिनीअर म्हणून काढली, काही कंत्राटदारांकडे, काही सल्लागारांच्या बाजूने. त्या अनुभवावरून सांगतो, शहराच्या कामांबद्दल आपली सगळी चर्चा चुकीच्या दिवशी होते. निविदा निघाली की बातमी येते, उघडली की बातमी येते, कोणाला किती टक्के कमी दराने काम मिळालं यावर दोन दिवस वाद होतो. मग भूमिपूजनाचा नारळ फुटतो आणि सगळे घरी जातात. खरे पैसे त्यानंतर ठरतात. प्रत्येक कंत्राटाला दोन किमती असतात. पहिली सीलबंद लिफाफ्यातली, आता संगणकावर उघडणारी. ती ठरते तेव्हा चार-सहा जण एकमेकांशी स्पर्धा करत असतात. दुसरी किंमत काम सुरू झाल्यावर वाढीव परिमाणांतून, जादा बाबींतून, भाववाढीतून, मुदतवाढीतून ठरते. तेव्हा टेबलाच्या पलीकडे एकच कंत्राटदार असतो, रस्ता अर्धा उखडलेला असतो, आणि टेबलाच्या अलीकडे बसलेल्या अभियंत्याला त्याच्याकडूनच काम पुरं करून घ्यायचं असतं. पहिल्या किमतीवर आपण इतके नियम, इतके पहारे बसवलेत. दुसरी किंमत मात्र फायलीतच जन्मते आणि फायलीतच राहते. ती पहिलीइतकीच उघड झाली पाहिजे, काम चालू असतानाच, कारणासकट. हा लेख एवढ्यासाठीच लिहितो आहे.

दोन्ही किमतींत अंतर किती पडतं? वांद्रे-वरळी सागरी सेतूचा मूळ अंदाज ६६० कोटींचा होता आणि पाच वर्षांत तो व्हायचा होता. १९९९ मध्ये पायाभरणी झाली, ३० जून २००९ ला तो खुला झाला तेव्हा खर्च सुमारे १,६०० कोटींवर गेला होता. कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रो ३ ची मंजूर किंमत २३,१३६ कोटी होती. २०२२ मध्ये ती ३३,४०५ कोटी केली गेली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये साडेतेहतीस किलोमीटरचा हा मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा आकडा ३७ हजार कोटी ओलांडून गेला होता. हे आकडे वाचले की घरात, लोकलमध्ये, चहाच्या टपरीवर एकच वाक्य निघतं: “खाल्ले.” लोकांचा राग मला कळतो. पण आम्ही ज्यांनी ही बिलं बनवली त्यांना माहीत आहे की वाढीमागे पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात, आणि त्या सगळ्यांना एकाच शिवीने मोजलं की चोर सुटतो आणि प्रामाणिक माणूस सापडतो.

भाववाढ घ्या. मोठ्या मुदतीच्या कंत्राटात भाववाढीचं एक सूत्र असतं. मजुरीसाठी औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक, साहित्यासाठी घाऊक किंमत निर्देशांक, इंधन, सिमेंट, पोलाद, डांबर यांचे वेगळे हिशेब. निविदेच्या तारखेजवळचा निर्देशांक पायाभूत धरतात आणि दर तिमाहीला फरक काढतात. २०२१ आणि २०२२ मध्ये पोलादाचे भाव भडकले, युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर कच्च्या तेलाबरोबर डांबरही चढलं. ज्या लहान कंत्राटांत हे सूत्रच नव्हतं तिथले ठेकेदार काम अर्धवट टाकून गेले किंवा डांबर पातळ करून वेळ मारून नेली. म्हणजे भाववाढ नाकारूनही खर्च टळत नाही, तो पुढच्या पावसाळ्यात खड्ड्यांच्या रूपाने येतो. सूत्राने निघालेली वाढ मला सगळ्यांत कमी खटकते, कारण ती कोणीही कागदावर पुन्हा मोजून बघू शकतो.

मग काही बदल असे असतात की ते व्हायलाच हवेत. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचं उदाहरण माझ्या मनात पक्कं बसलं आहे. वरळीला हा मार्ग सागरी सेतूला जोडणाऱ्या पुलाच्या खांबांतलं अंतर आराखड्यात ६० मीटर होतं. वरळी कोळीवाड्यातले मच्छीमार म्हणत होते की क्लीव्हलँड बंदरातून भरतीच्या, वाऱ्याच्या वेळी होड्या एवढ्याशा फटीतून काढणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. त्यांनी पत्रं दिली, आंदोलन केलं, समुद्रात होड्या आणून काम थांबवलं. अखेर २०२२ च्या शेवटी शासनाने मान्य केलं आणि एक खांब वगळून ते अंतर १२० मीटर करायचं ठरलं. तोवर कंत्राट देऊन चार वर्षं झाली होती. दोन खांबांमधला गाळा लांबला म्हणजे वेगळी तुळई, वेगळा पाया, वेगळी यंत्रसामग्री. खर्च वाढला, आणि तो वाढणं योग्यच होतं. पिढ्यान्‌पिढ्या त्या खडकांतून होडी काढणारा माणूस पाण्याबद्दल बोलत होता, त्याचं ऐकणं हा खर्चाचा अपव्यय कसा म्हणायचा? अपव्यय झाला तो उशिरा ऐकण्याचा. हाच बदल २०१८ च्या आधी, आराखडा कागदावर असताना झाला असता तर तो निविदेतच आला असता, आणि त्या लांब गाळ्याचा दर स्पर्धेतून ठरला असता. चार वर्षांनी तो एका कंत्राटदाराशी बोलून ठरवावा लागला. कोळीवाड्यातला मच्छीमार आणि आमच्या उपनगरातला चावीवाला, दोघांना एकच गोष्ट माहीत होती आणि दोघांना एकाच प्रकारे विचारायचं राहून गेलं होतं.

अंधेरीच्या गोखले पुलाचं तर सगळ्या देशाने पाहिलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो धोकादायक म्हणून बंद केला, पाडला, नवा बांधला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू खुली केली तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळत नव्हती. रेल्वेच्या नव्या निकषांनी रुळांवरचा भाग उंच झाला होता. मग तज्ज्ञ संस्थांचे सल्ले घेऊन बर्फीवाला पुलाचा टोकाचा भाग जॅक लावून उचलला गेला आणि जुलै २०२४ मध्ये जोडणी झाली. अभियांत्रिकी म्हणून ते उचलणं कौतुकाचं होतं, मी त्यात कुठलीही कुचेष्टा करणार नाही. पण दोन पूल, दोन यंत्रणा आणि मध्ये एक रेल्वे रूळ, यांनी एका टेबलावर बसून एक उभा छेद काढला असता तर हे वाढीव काम जन्मालाच आलं नसतं.

आता त्या प्रकाराकडे येतो ज्याच्यासाठी लोकांचा राग खरोखरच योग्य आहे. तो समजावून सांगायला थोडं गणित लागेल, पण ते सोडू नका, कारण सगळी मेख तिथेच आहे.

समजा एका रस्त्याच्या कामात मुरूम खोदाई २,००० घनमीटर आणि खडक खोदाई २०० घनमीटर असं अंदाजपत्रकात लिहिलं आहे. बाबवार दर मागवले आहेत. पहिला कंत्राटदार मुरुमाला २५० रुपये आणि खडकाला ९०० रुपये दर भरतो. त्याची बेरीज ६ लाख ८० हजार. दुसरा कंत्राटदार त्या भागात आधी काम केलेला आहे. त्याला ठाऊक आहे की तिथे हातभर मुरूम आणि खाली सगळा काळा पाषाण. तो मुरुमाला १५० भरतो आणि खडकाला १,६००. बेरीज ६ लाख २० हजार. दुसरा साठ हजारांनी स्वस्त, काम त्याचं. प्रत्यक्षात मुरूम निघतो १,२०० घनमीटर आणि खडक १,०००. पहिल्या कंत्राटदाराच्या दराने हे काम १२ लाखांत झालं असतं. दुसऱ्याच्या दराने ते १७ लाख ८० हजारांना पडतं. ज्याला आपण सगळ्यांत स्वस्त म्हणून निवडलं तोच जवळजवळ सहा लाखांनी महाग ठरला, आणि यात एकही नियम मोडला गेला नाही.

आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या जुन्याजाणत्या लोकांना हा डाव माहीत होता. म्हणून तर करारात कलम ३८ आलं. निविदेतल्या परिमाणापेक्षा पंचवीस टक्क्यांपर्यंत जास्त काम झालं तर ते निविदेच्या दराने, त्यापुढचं दरसूचीच्या, म्हणजे खात्याने प्रत्येक बाबीच्या ठरवलेल्या दरांच्या यादीच्या, आधाराने. वरच्या उदाहरणात दरसूचीचा खडकाचा दर १,००० धरला तर दुसऱ्या कंत्राटदाराला पहिले २५० घनमीटर १,६०० ने आणि उरलेले ७५० घनमीटर १,००० ने मिळतील. त्याचं बिल १३ लाख ३० हजार. पहिल्याचं याच नियमाने १२ लाख ७५ हजार झालं असतं. कलमाने डाव पुष्कळ कापला, पण साठ हजारांनी स्वस्त असलेला माणूस पंचावन्न हजारांनी महाग झालाच. आणि बाबवार दर न मागता सगळीकडे ‘दरसूचीपेक्षा इतके टक्के कमी किंवा जास्त’ अशा सरसकट टक्केवारीने निविदा मागवल्या तरी डाव संपत नाही, फक्त दरातून परिमाणात सरकतो. दरसूचीत ज्या बाबीत नफा आहे ती वाढते, ज्यात तोटा आहे ती ‘जागेवर आवश्यकता भासली नाही’ म्हणून वगळली जाते. शेकडो बिलांत मी हे वाक्य टाइप केलं आहे. कधी ते खरं होतं. कधी ते खरं नाही हे मला ठाऊक होतं आणि मी टाइप केलं, याचं ओझं अजून वाटतं.

हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे: अंदाजपत्रक चुकीचं असणं. खडक २०० घनमीटर लिहिला गेला तो का? कारण त्या रस्त्यावर चार ठिकाणी चाचणी खड्डे घेण्याऐवजी जुन्या कामाचं एस्टिमेट काढून त्यावर नवं नाव घातलं गेलं. कनिष्ठ अभियंत्याकडे सहा कामं, मार्च तोंडावर, निधी परत जाईल म्हणून वरून फोन. तो बिचारा कुठून बोअर घेणार? आणि जिथे कोणाला ती चूक ठाऊक असते तिथे चूक ही चूक राहत नाही, ती विकायची वस्तू होते. खडक किती लागेल हे ज्याला आधी कळतं तो निविदा जिंकतो. कार्यालयातून ते बाहेर जातं कसं, हे मी इथे लिहायची गरज नाही.

शिवाय मुळातच किंमत कमी दाखवण्यात सगळ्यांचा फायदा असतो. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००२ मध्ये वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा हिशेब मांडला होता. दर दहातल्या जवळपास नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. रेल्वेत सरासरी ४५ टक्के, पूल-बोगद्यांत ३४, रस्त्यांत २०. चुका प्रामाणिक असत्या तर काही अंदाज वर, काही खाली गेले असते. सगळेच एका दिशेने चुकतात तेव्हा ती चूक नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि तो मला पटतो. कमी आकड्याने मंजुरी लवकर मिळते. एकदा खड्डा खणला की ‘आता अर्धवट सोडायचं का?’ हा प्रश्न विचारून उरलेले पैसे मागता येतात. महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. ‘सुप्रमा’ हा शब्द, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आपल्या शेतकऱ्यांच्याही तोंडी बसला तो विदर्भातल्या सिंचन प्रकल्पांमुळे. २००९ मध्ये अवघ्या काही महिन्यांत ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर नेली गेली होती. धरणं शहरात नसतात, पण फाइल चालवायची रीत तीच.

उशीर हाही एक कंत्राटदार आहे, आणि त्याचं बिल सगळ्यांत निमूटपणे दिलं जातं. पुण्यात मुळा-मुठेचं प्रदूषण थांबवायला जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून अकरा सांडपाणी प्रकल्प व्हायचे होते. जानेवारी २०१६ मध्ये करार झाला तेव्हा किंमत ९९० कोटी होती. जागा ताब्यात नव्हत्या, निविदा फार चढ्या आल्या म्हणून रद्द झाल्या. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा प्रकल्प १,४७० कोटींच्या पुढे होता. मधल्या सहा वर्षांत नदीत तेच पाणी वाहत राहिलं. दुसऱ्या टोकाला थकलेली बिलं आहेत. २०२५ मध्ये राज्यभरच्या कंत्राटदारांनी शासनाकडे अडकलेल्या पैशांसाठी आंदोलनं केली. ज्याला बिल आठ-दहा महिने मिळणार नाही हे ठाऊक असतं, तो त्या व्याजाचा दर निविदेतच घालतो, किंवा फेरफारातून, म्हणजे काम चालू असताना मंजूर होणाऱ्या वाढीव आणि जादा कामांतून, काढायची वाट बघतो. बाजारात प्रत्येकाला हे माहीत आहे. लहान ठेकेदार बायकोचे दागिने गहाण टाकून पुढचं ट्रकभर सिमेंट आणतो, हेही मी पाहिलं आहे. त्याला चोर म्हणताना जीभ अडखळते.

यावर काही जणांचा उपाय सरळ असतो: फेरफार बंदच करा. ठरलेल्या रकमेत काम, एक रुपया वाढ नाही. ऐकायला छान वाटतं. पण जमिनीखाली काय आहे ते कुणालाच ठाऊक नसताना सगळा धोका कंत्राटदाराच्या गळ्यात बांधला तर तो एकतर त्या धोक्याची किंमत आधीच लावतो, नाहीतर खडक लागला की नाल्याची खोली चोरतो. आणि आपल्या अभियंत्यांवर फेरफाराची जी भीती बसली आहे तिचे परिणाम मी डोळ्यांनी पाहिले आहेत. एका गल्लीत वाहिनीचा उतार आराखड्यात चुकला होता. जागेवर उभं राहिल्यावर कोणालाही कळलं असतं की पाणी उलटं जाईल. दुरुस्तीसाठी अडीचशे मिलिमीटर खोली वाढवायची होती आणि एक जादा मॅनहोल. उपअभियंता चांगला माणूस होता. तो म्हणाला, “व्हेरिएशन गेलं की दक्षता खातं विचारणार, लेखापरीक्षण विचारणार, पेन्शन अडकणार. आहे तसं टाका.” आहे तसं टाकलं. खर्चात एक रुपया वाढ नाही, कागदावर आदर्श काम. त्या गल्लीत दर जुलैत तळमजल्यावरच्या बायका अजून बादल्यांनी पाणी उपसतात. लपून होणारा फेरफार जेवढं नुकसान करतो तेवढंच भीतीने टाळलेला फेरफारही करतो, आणि दोन्हींचं मूळ एकच आहे: बदलाचं कारण उघडपणे मांडायला आपल्याकडे जागाच नाही.

ती जागा पूर्वी थोडीफार होती. महापालिकेच्या स्थायी समितीत कंत्राटाच्या किमतीतले फेरफार प्रस्ताव म्हणून येत. त्या समितीत सगळे साधुसंत बसलेले नव्हते, हे मी जाणतो. तरी विरोधी नगरसेवक उभा राहून ‘हे वीस टक्के वाढले कसे?’ असं विचारायचा, पत्रकार लिहून घ्यायचे, आणि दुसऱ्या दिवशी निदान प्रश्न तरी छापून यायचा. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. पुढची कित्येक वर्षं प्रशासकच आयुक्त, प्रशासकच स्थायी समिती, प्रशासकच सभागृह. ज्या काळात मुंबईच्या रस्त्यांच्या काँक्रीटीकरणाची सहा हजार कोटींची कंत्राटं दिली गेली, त्याच काळात प्रश्न विचारणारी खुर्ची रिकामी होती. आणि निवडून आलेले लोक होते तेव्हाही सगळं आलबेल होतं असं मुळीच नाही. मुंबई महापालिकेच्या नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, तपासणी केली, त्याचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात आला. ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारनामाच झाला नव्हता. ३,३५५ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ लेखापरीक्षक नेमला नव्हता. करारनामाच नसेल तर कलम ३८ कुठे लावणार? फेरफार मोजायचा तो कशाच्या तुलनेत?

कॅगचा अहवाल महत्त्वाचा आहे, पण तो येतो तेव्हा काँक्रीट वाळलेलं असतं. मला हवं आहे ते काम चालू असतानाचं. प्रत्येक धावत्या बिलाला, म्हणजे काम चालू असताना टप्प्याटप्प्याने निघणाऱ्या बिलाला, आम्ही एक तक्ता जोडतो: बाब, निविदेतलं परिमाण, आजवर झालेलं परिमाण, फरक, फरकाचं कारण. तो तयारच असतो, कोणाला नव्याने काही करायचं नाही. तो तक्ता बिल मंजूर होईल त्या दिवशी महापालिकेच्या संकेतस्थळावर टाकावा. माहितीचा अधिकार २००५ मध्येच आला आणि त्याच्या कलम ४ ने यंत्रणांनी आपणहून माहिती उघड करावी असं सांगितलं आहे, अर्जाची वाट बघायला सांगितलेलं नाही. खडक २०० चा १,००० झाला हे शेजारच्या सोसायटीतल्या निवृत्त अभियंत्याला तिसऱ्याच बिलात दिसलं, तर तो जाऊन खड्डा बघेल. खडक खरा असेल तर तोच गल्लीला सांगेल की खडक खरा आहे. तेव्हा तो उपअभियंता जादा मॅनहोलसाठी घाबरणार नाही, कारण त्याचं कारण लोकांसमोर आधीच मांडलेलं असेल.

आणि कारणाच्या रकान्यात ‘जागेवरील परिस्थितीनुसार’ हे दोन शब्द बंद करावेत. त्यांच्याखाली सगळं लपतं. आराखडा चुकला, सर्वेक्षण झालं नाही, दुसऱ्या खात्याने उशीर केला, लोकांनी मागणी केली, भाव वाढले: यातलं एक निवडावं आणि सही करावी. सर्वेक्षण न झाल्याने वाढ झाली तर सर्वेक्षणाचे पैसे घेतलेल्या सल्लागाराला तो खर्च विचारावा. आज सल्लागाराची फी पुष्कळदा कामाच्या किमतीच्या टक्केवारीवर असते. काम महागलं की चुकणाऱ्याचीही फी वाढते, ही रीत मला कधीच समजली नाही.

निविदेआधी शंभरातले दोन रुपये जमीन बघायला खर्च करावेत. चाचणी खड्डे, बोअर, जमिनीखालच्या वाहिन्या शोधणारं रडार, आणि हो, चावीवाल्याबरोबर त्या रस्त्यावरून एक फेरी. मी हे पोटतिडकीने लिहितो त्याला कारण आहे. ती बिडाची जलवाहिनी सापडली तेव्हा मी तिची खोली, रस्त्याच्या कडेपासूनचं अंतर, गाडलेल्या चावीची जागा, सगळं मोजून एका कागदावर काढलं आणि बिलाला जोडलं. पैसे मंजूर झाले, कागद फायलीत गेला. चार-पाच वर्षांनी दुसऱ्या खात्याचं केबलचं काम त्याच वळणावर निघालं. माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा तिथे होता. एके दिवशी त्याचा फोन आला, “सर, इथे एक बिडाची लाइन लागली आहे. नकाशात काहीच नाही.” मी त्याला फोनवरच अंतर सांगितलं, चावी कुठे आहे ते सांगितलं. पण काम थांबलेलं होतं आणि पत्र गेलेलं होतं. त्या एका पाइपचे पैसे शहराने दोनदा दिले. चावीवाला मामा तोवर गावी निघून गेला होता.

आज आपल्याकडे कामाच्या जागी फलक असतो. कामाचं नाव, कंत्राटदाराचं नाव, किंमत, मुदत, दोषदायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर कंत्राटदाराने ते दुरुस्त करून द्यायची मुदत. काम संपेपर्यंत त्यावर पहिलीच किंमत राहते आणि पहिलीच मुदत, ती उलटून दोन वर्षं झाली तरी. माझी मागणी एवढीच आहे की त्याखाली तेवढ्याच जाड अक्षरांत आणखी तीन ओळी असाव्यात: सुधारित किंमत, वाढीचं कारण, मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम. फेरफार मंजूर झाल्यापासून सात दिवसांत. त्या ओळी रंगवल्याशिवाय पुढचं बिल निघू नये, अशी अट करारातच घालावी.